चितळांची खानावळ

हरणाला जेवायला बोलावणं हा जगातला सगळ्यात बेभरवशाचा धंदा आहे, असं माझं ठाम मत झालंय. हे मत दोन ठिकाणांहून गोळा केलेलं आहे. एक अमेरिकेतलं विस्कॉन्सिन आणि दुसरं आमचं गोरेगाव. मुंबईतलं नव्हे हो, गोंदिया जिल्ह्यातलं! (हा खुलासा मला दर ओळखीला करावा लागतो. "अरे वा, वेस्टर्न लाइनला का?" "नाही, नागझिरा लाइनला.")

आधी विस्कॉन्सिन. प्रोजेक्टसाठी सहा महिने तिकडे होतो तेव्हा आमच्या टीममध्ये एक डेटाबेसवाला गोरा होता. सोमवारी सकाळी कॉल सुरू व्हायच्या आधी बाकीचे फुटबॉलबद्दल बोलायचे, हा बाबा शेतीबद्दल. मला वाटलं शेतकरी घरातला असेल. पण नाही, साहेब शिकारी होते. तिकडे हरणाची शिकार कायदेशीर आहे. परवाना काढायचा, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो, तेवढ्यात काय ते साधायचं. आता रान एवढं मोठं, हरीण नेमकं आपल्यासमोर कशाला येईल? म्हणून ही मंडळी रानात जागा साफ करून खास हरणांसाठी पीक पेरतात. त्याला म्हणतात 'फूड प्लॉट'. सिक्युरिटीवाल्यांना 'हनीपॉट' म्हटलं की लगेच कळेल. आमिषाचा सर्व्हर उघडा ठेवायचा आणि कोण येतंय ते बघत बसायचं.

मक्याचे ढीग ओतून ठेवायला तिथल्या बऱ्याच काउंट्यांमध्ये बंदी आहे. 2002 साली विस्कॉन्सिनच्या हरणांमध्ये सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग सापडला आणि एकाच ढिगावर तोंडं घातली की तो पसरतो, ही भीती. पण पेरलेलं पीक म्हणजे शेती, त्याला हरकत नाही. तर आमच्या डेटाबेसवाल्याने माती तपासून घेतली, चुना टाकला, भाड्याने ट्रॅक्टर आणला, क्लोव्हर, ओट आणि सलगम पेरले, झाडांना कॅमेरे बांधले. पहिल्या वर्षी पाऊस रुसला. दुसऱ्या वर्षी तण माजलं. तिसऱ्या वर्षी पीक असं आलं की बघत राहावं, आणि हरणं शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये. शेजाऱ्याचं सोयाबीन काढून झालं, तर ओकच्या झाडाखाली पडलेली फळं वेचायला गेली. सलगमकडे ढुंकून बघितलं नाही. कॅमेऱ्यात आली ती रात्री दोन वाजता, जेव्हा गोळी झाडायला कायद्याने बंदी. "त्यांना माहीत आहे की ते मी पेरलंय," असं तो अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचा. बी, चुना, ट्रॅक्टर आणि कॅमेरे यांचा हिशोब केला तर त्याच्या हरणाचं मांस गावातल्या सगळ्यात महागड्या हॉटेलातल्या स्टेकपेक्षा महाग पडत होतं.

सगळे हसायचे. मीही हसायचो, पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललेलं असायचं. हा माणूस एवढे डॉलर ओतून जे करायला बघतोय आणि जमत नाहीये, ते माझ्या मामाच्या वावरात दर वर्षी आपोआप होतं. आणि मामाला ते नकोय!

आता गोरेगाव. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे निघालं की वाटेत आमचा तालुका, पुढे मुरदोलीचं जंगल, आणि तिथून नागझिऱ्याचा पसारा. नागझिरा अभयारण्य 1970 चं, नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 चं. डिसेंबर 2013 मध्ये ही दोन, शिवाय नवेगाव अभयारण्य, नवीन नागझिरा आणि कोका, अशी सगळी जोडून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा साधारण 656 चौरस किलोमीटर. वाचकांपैकी ज्यांनी मारुती चितमपल्ली वाचलेत त्यांना नवेगाव सांगायला नको. जंगलाच्या कडेला गावं आणि गावांभोवती धानाच्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घातलेला धानाचा तुकडा. पुण्यात मी 'बांधी' म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी बांधकामाचं बोलतोय.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद. त्याआधी परवाने घेऊन शिकारी यायचे. पीक राखायला बंदुकीचा परवानाही मिळायचा. हरभऱ्याच्या शेतावर किंवा फुलांवर आलेल्या मोहाच्या झाडाजवळ मचाण बांधून बसायचं ही त्या काळची साधी युक्ती. हरणाला काय आवडतं ते माहीत असलं की झालं, वेगळं पेरायची गरजच नव्हती. आता बंदूक गेली, पण हरणांसाठी पेरणं काही बंद झालं नाही. आज आमच्याकडे दोघेजण पेरतात. एक मुद्दाम पेरतो, त्याच्याकडे चितळ हवं तेवढं येत नाही. दुसरा मुद्दाम पेरत नाही, त्याच्याकडे रोज पंगत!

मुद्दाम पेरणारं ते वनखातं. त्यांचा शिकारी पट्टेवाला आहे एवढाच फरक. वाघाला वर्षाला चितळाच्या आकाराची साधारण पन्नास जनावरं लागतात, म्हणजे आठवड्याला एक. तेवढी दर वर्षी मारली जाऊनही कळप टिकायचा तर वाघाच्या हद्दीत त्याच्या दहापट, म्हणजे पाचशेच्या आसपास जनावरं हवीत, असा वन्यजीव अभ्यासकांचा ढोबळ हिशोब आहे. नागझिऱ्यात जागा आहे, वाघ कमी, म्हणून मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून दोन वाघिणी आणून इथे सोडल्या. (उलटही झालंय. इथलाच 'जय' 2013 मध्ये चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला आणि तिथे जाऊन जगप्रसिद्ध झाला. मग 2016 मध्ये गायब झाला तो झालाच.) वाघ हवा तर चितळ हवं, चितळ हवं तर गवत हवं. म्हणून कुरण विकास.

आणि कुरण विकास म्हणजे आमच्या डेटाबेसवाल्याचीच कथा, फक्त सरकारी फायलीत. मोकळ्या जागेवर आधी हजर होतो तो तरोटा. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला टाकळा म्हणतात तो. त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आम्ही पावसाळ्यात आवडीने खातो, चितळ मात्र तोंड लावत नाही. मग रानतुळस, घाणेरी, गाजर गवत. हे सगळं बी धरायच्या आत मुळासकट उपटावं लागतं, आणि एक वर्ष उपटून भागत नाही. मातीत आधीच पडलेलं बी पुढची कित्येक वर्षं उगवत राहतं. एका पावसाळ्यात निधी उशिरा आला किंवा मजूर रोवणीला गेले की मागची मेहनत पाण्यात. चांगल्या रानगवताचं बी बाजारात पोत्याने मिळत नाही, हंगामात हाताने गोळा करावं लागतं. मारवेल, पवन्या वगैरे आलंच, तर ते कंबरेएवढं वाढून दिवाळीनंतर वाळतं. आणि चितळाला लागतं आखूड, कोवळं, हिरवं. उंच वाळक्या गवतात त्याला चवही नाही आणि मागून कोण येतंय ते दिसतही नाही. म्हणजे कापायचं, वेळेवर कापायचं, आणि ओल टिकेल अशा जागी कापायचं. मधल्या काळात कडेच्या गावांतली गुरं घुसून कोवळं ते आधी साफ करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा आला तर विषयच संपला.

यात खात्याला टोमणे मारायचा माझा हेतू नाही. काम खरंच अवघड आहे आणि काही ठिकाणी उत्तम झालंय. पण ही उत्तम ठिकाणं कुठली, ते बघा. कान्ह्यातली प्रसिद्ध मैदानं ही बरीचशी उठवलेल्या गावांची जुनी शेतं. ताडोब्यात जामनी आणि नवेगाव रामदेगी ही गावं बाहेर नेल्यावर त्यांच्या शेतांची कुरणं झाली आणि आज जिप्सीवाले पहिल्यांदा तिकडेच पळतात. का? तर तिथे पिढ्यान् पिढ्या कुणीतरी नांगरलं होतं, दगड वेचले होते, धुरे घालून पाणी अडवलं होतं, खत टाकलं होतं. चितळाचं सगळ्यात आवडतं ताट शेतकऱ्याने वाढलेलं आहे, हे जंगलाच्या आतही खरं आणि बाहेरही. आमच्या नवेगावातूनही कालीमाटी, कवलेवाडा, झंकारगोंदी ही गावं अशीच बाहेर आली. त्या लोकांशी पुनर्वसनात काय काय झालं हा वेगळा आणि मोठा विषय आहे, तो परत कधीतरी.

आता दुसरा पेरणारा, म्हणजे मामा. आमच्याकडे धानानंतर 'उतेरा' घेतात. शहरी वाचकांसाठी सांगतो, कारण ही मला शेतीतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते. धान कापायला दहा-पंधरा दिवस असतात, बांधीत अजून ओल असते, तेव्हा उभ्या धानातच लाखोळीचं बी फेकून द्यायचं. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही. धान कापला जातो, खाली लाखोळी उगवलेली असते, आणि उरलेल्या ओलीवर ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत येते. शून्य बजेट वगैरे शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चाललंय. लाखोळीचं वरण ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे :-)

आता चितळाच्या नजरेने बघा. डिसेंबर-जानेवारी. जंगलातलं गवत वाळून काडी झालंय. मोहफुलं यायला अजून दोन-अडीच महिने आहेत. आणि जंगलाच्या कडेपासून दोन उड्यांवर गुडघ्याच्याही खाली असलेला, मऊ, हिरवागार, प्रथिनांनी भरलेला शेंगवर्गीय पाला. अमेरिकन शिकारी पाकिटातून विकत आणतो ते क्लोव्हरही शेंगवर्गीयच. तेच खाणं, तोच मोसम. मागे लपायला जंगल, बाजूला बोडीचं पाणी. फूड प्लॉट कुठे असावा याचं पाठ्यपुस्तक लिहायचं झालं तर मुखपृष्ठावर मामाच्या शेवटच्या दोन बांध्यांचा फोटो टाकावा. खात्याने आत कितीही मेहनतीने नवा सर्व्हर उभा केला तरी ट्रॅफिक जवळच्या आणि चांगल्या सर्व्हरकडेच जाणार. चितळाला हद्दीचा दगड वाचता येत नाही.

तिकडच्या डेटाबेसवाल्याचं वैतागणं आणि मामाचं वैतागणं यात फरक आहे. तो हरला तर शनिवार वाया जातो. मामा हरला तर वर्षाची डाळ जाते. म्हणून जागल. थंडीत बांधीच्या धुऱ्यावर मचाण, शेकोटी, टिनाचा डबा, बॅटरी. धान असेपर्यंत रानडुकरांसाठी आणि त्यानंतर चितळांसाठी, म्हणजे जवळजवळ चार महिने माणूस घरी झोपत नाही. वय पंचावन्न. मुलगा नागपूरला कुरिअर कंपनीत. रात्री अंधारात कोण येईल याचा नेम नाही, कारण जिथे चितळांची पंगत तिथे मागोमाग बिबट्या, आणि आता वाघही. मामाचं म्हणणं एकदम सरळ: "वाघ आला म्हून आनंद आहे ना बाप्पा, पण त्याचा डब्बा माह्याच घरून काहून जाते?"

ज्याला जागल झेपत नाही तो काय करतो, तेही उघड गुपित आहे. वरून जाणाऱ्या विजेच्या तारेवर आकडा टाकून धुऱ्यावर उघडी तार सोडायची. डुक्कर मरतं, चितळ मरतं, कधी वाघ मरतो, आणि कधी पहाटे तिकडे गेलेला शेजारी मरतो. विदर्भात अशा बातम्या दर वर्षी येतात. मी याचं समर्थन करत नाही. हा गुन्हा आहे आणि शिक्षा व्हायलाच हवी. पण एसीत बसून "या लोकांना वन्यजीवांची किंमतच नाही" असं फेसबुकवर लिहिणाऱ्यांनी एकदा जानेवारीतली एक जागल करून बघावी. एकच.

"मग नुकसानभरपाई आहे ना?" आहे. कोणत्या प्राण्यांनी पीक खाल्लं तर पैसे मिळतात त्याची यादीसुद्धा आहे. शासकीय भाषेत त्या यादीत 'हरीण (सारंग व कुरंग)' असं लिहिलेलं असतं. वाचून वाटतं की अर्ज कालिदासाकडे करायचाय! अर्ज ठराविक दिवसांच्या आत करायचा, मग पंचनामा, त्यात वेगवेगळ्या खात्यांची माणसं एकत्र यायला हवीत, सातबारा जोडायचा. जो दुसऱ्याचं शेत ठेक्याने करतो त्याच्या नावावर सातबारा कुठून येणार? मामाकडे एका वर्षी पंचनाम्याला माणसं आली तोवर लाखोळी परत फुटली होती. "पीक तर हिरवं दिसतंय," म्हणाले. हिरवं होतं, शेंगा नव्हत्या.

माझ्या मते अडचण कुणाच्या आळशीपणाची नाही, डिझाइनची आहे. ही योजना क्रॅशसाठी लिहिलेली आहे. हत्ती आले, डुकरांच्या कळपाने एका रात्रीत धान लोळवलं, तर ते तारीख-वेळ असलेलं नुकसान झालं आणि त्याचा पंचनामा होऊ शकतो. चितळाचं नुकसान म्हणजे मेमरी लीक. रोज थोडंथोडं, शेंड्याशेंड्याने, साठ रात्री. यातली 'घटना' कुठली आणि 'घटनेची तारीख' कुठली? क्रॅश रिपोर्टचा फॉर्म भरून लीक दुरुस्त होत नाही, हे आपल्या धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको. वर लाखोळी हे स्वस्त पीक. भरपाई मंजूर झालीच तर तालुक्याला मारलेल्या चकरांचं पेट्रोल त्यात जेमतेम निघतं. म्हणून बहुतेक जण अर्जच करत नाहीत, आणि अर्ज नाही म्हणजे कागदावर नुकसान नाही.

सौरकुंपणाला सरकारचं अनुदान आहे, श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून. ते चांगलं आहे, घ्यावं. पण एकाने कुंपण घातलं की कळप शेजारच्या बांधीत जातो, हेही सगळ्यांना माहीत आहे. सगळ्या गावाने घातलं तर? मग चितळांनी जानेवारीत खायचं काय, आणि आपण मुद्दाम आणलेल्या वाघिणींनी?

तर मला असं वाटतं की जंगलाला लागून असलेल्या काही बांध्या सरकारने सरळ हंगामापुरत्या भाड्याने घ्याव्यात. नुकसान झाल्यावर नाही, पेरणीच्या आधी. शेतकऱ्याने धान काढावा, नेहमीसारखा उतेरा टाकावा, आणि लाखोळी चितळांसाठी उभी सोडावी. एकरामागे ठरलेले पैसे बी टाकलेलं दिसलं की थेट खात्यात. पंचनामा नाही, टक्केवारी नाही. भाव लाखोळीच्या सरासरी उत्पन्नावर काढायचा आणि त्यात वाचलेल्या जागलीची मजुरी धरायची. आत कुरण करायला तण उपटणं, बी गोळा करणं, कापणं असं वर्षानुवर्षं करावं लागतं. इथे ते करणारा माणूस आधीच हजर आहे, त्याला काम येतं, आणि दर पावसाळ्यात बांधीतलं तण तो तसंही उपटतोच.

यावर लगेच येणारा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो पैशांचा नाहीच. गावाजवळ चितळांना मुद्दाम खायला घातलं तर त्यांच्या मागे वाघ-बिबटे गावाजवळ येतील. हे खरं आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे माणसं मरतायत तेव्हा हे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पण ते आजही येतायतच, फक्त त्या वेळी धुऱ्यावर माणूस झोपलेला असतो. माझा सगळा मुद्दा तिथेच आहे. कोणत्या बांध्या घ्यायच्या ते वस्तीपासूनचं अंतर बघून ठरवायचं. टोल्यापासून लांब, जंगलात घुसलेली जिभेसारखी जी शेतं असतात, तेवढीच. गावाला चिकटलेल्या बांध्यांना कुंपण आणि जंगलाला चिकटलेल्या बांध्यांना भाडं, दोन्ही एकाच वेळी, नाहीतर उपयोग नाही. आणि भाड्याच्या बांध्यांमध्ये हंगामभर रात्री माणूस नको, गुरं नकोत. दुसरा आक्षेप, लोक खोटं सांगून पैसे उचलतील. उचलतील थोडे. उपग्रहाच्या चित्रांवरून कुठल्या बांधीत जानेवारीत हिरवं आहे ते आज कुठलाही इंजिनीअर विद्यार्थी काढून देईल, चित्रं फुकट मिळतात. हे मी करायला तयार आहे, शनिवारी-रविवारी, विनामूल्य. अर्ज कुठे करायचा सांगा. (सातबारा नाही माझ्याकडे.)

तिसरा आक्षेप मित्राने घेतला: "म्हणजे तू वाघांसाठी शेतकऱ्याला कॅटरर करणार?" आत्ताही तो कॅटररच आहे रे. फक्त बिल फाडत नाही.

मामाने दोन वर्षांपासून शेवटच्या दोन बांध्या सोडून दिल्यात. उतेरा नाही आणि धानही नाही, कारण धान डुकरं ठेवत नाहीत आणि एकट्याने दोन्ही टोकांना जागल होत नाही. गेल्या पावसाळ्यात गेलो होतो तेव्हा तिथे कमरेएवढा तरोटा माजला होता, आत पाय ठेवता येत नव्हता. आणि हिवाळ्यात मामाचा फोन आला, चितळं आता तिसऱ्या बांधीत येतात.